पेटीतला प्राणवायू आणि मैदानावरचा खेळाडू

वैद्यकशास्त्रातील एखादे साधन रुग्णालयाचा उंबरठा ओलांडून बाजारात उतरले, की त्याच्या उपयोगाचा प्रश्न केवळ वैद्यकाचा राहत नाही. तो अर्थकारणाचाही होतो. दाबाखालील प्राणवायूच्या उपचाराचे, म्हणजे डॉक्टर मंडळी ज्याला हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपी म्हणतात त्याचे, आज नेमके असेच झाले आहे. पाणबुड्यांच्या आणि विषारी वायूने गुदमरलेल्यांच्या प्राणरक्षणासाठी वापरात आलेली ही बंद पेटी आता ताणलेला स्नायू, मुरगळलेला घोटा आणि स्पर्धेनंतरचा थकवा यांवरचा हुकमी इलाज म्हणून खेळाडूंपुढे मांडली जात आहे. अमेरिकेतील लेब्रॉन जेम्स याच्यासारखा कोट्यधीश बास्केटबॉलपटू या पेटीचा वापर करतो, हे आता गुपित राहिलेले नाही. आणि मोठ्यांनी केले म्हणजे ते बरोबरच असले पाहिजे, हा समज आपल्याकडे पूर्वापार आहे. मोठ्या शहरांतील खासगी दवाखान्यांतून या उपचाराची जाहिरात होऊ लागली आहे. अशा वेळी या पेटीत शिरण्यापूर्वी, आणि तिच्यासाठी खिशात हात घालण्यापूर्वी, काही प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.

मूर्तिजापूरसारख्या तालुक्याच्या गावी हा विषय दूरदेशीचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो तसा नाही. वऱ्हाडातील कोरडवाहू शेतीचा भरवसा पावसावर आणि कापसाच्या भावावर, दोन्ही बेभरवशाचे. म्हणून शेतकऱ्याच्या घरातील मुलामुलींची दृष्टी सरकारी नोकरीकडे, त्यातही पोलीस आणि सैन्य भरतीकडे लागलेली असते. महाराष्ट्र पोलिसांच्या शिपाई भरतीत ५० गुणांची शारीरिक चाचणी आहे. तीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय १०० मीटरची दौड आणि गोळाफेक आहेच. राज्य शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. याचा अर्थ असा, की या भागात पायाचा स्नायू हे शरीराचे अंग तर आहेच, परंतु ते कुटुंबाचे भांडवलही आहे. भरतीच्या पंधरा दिवस आधी मांडीच्या मागचा स्नायू फाटला, तर एका घराचे अख्खे वर्ष वाया जाते. वयोमर्यादेच्या काठावर असलेल्याची तर संधीच संपते. अशा अगतिक घटकेला "चार बैठकींत बरे करतो" असे सांगणारा कोणी भेटला, तर बाप कर्ज काढील, पण नाही म्हणणार नाही. या अगतिकतेवरच बाजार उभा राहतो.

प्रथम हा उपचार आहे तरी काय, ते पाहू. आपण श्वासावाटे घेतलेला प्राणवायू मुख्यतः रक्तातील तांबड्या पेशींमधील हिमोग्लोबिन वाहून नेते. निरोगी माणसात हे हिमोग्लोबिन साध्या हवेतच सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के भरलेले असते. त्यात आणखी भर घालायला जागा अशी फारशी नसते. रक्ताच्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात, विरघळलेला प्राणवायू मात्र अगदीच थोडा: दर १०० मिलिलीटर रक्तामागे सुमारे ०.३ मिलिलीटर. वायूवरील दाब वाढविला की तो द्रवात अधिक विरघळतो, हा हेन्रीचा नियम शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात असतो आणि सोड्याच्या बाटलीचे बूच उघडताना प्रत्येकाला त्याचा प्रत्यय येतो. रुग्णाला बंद पेटीत ठेवून वातावरणाच्या दुप्पट ते तिप्पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिला, तर प्लाझ्मातील हे प्रमाण तिप्पट दाबाला सुमारे ६ मिलिलीटरपर्यंत चढते. विश्रांतीच्या अवस्थेत शरीराची गरज भागावी एवढे ते आहे. ॲमस्टरडॅमचे शल्यचिकित्सक बुरेमा यांनी १९६० मध्ये डुकरांच्या शरीरातील जवळजवळ सर्व तांबड्या पेशी काढून त्यांना या रीतीने जिवंत ठेवून दाखविले, तेव्हा वैद्यकविश्व थक्क झाले होते.

तेव्हा या उपचारामागील शास्त्र खरे आहे, याविषयी वाद नाही. खोल पाण्यातून झपाट्याने वर आलेल्या पाणबुड्याच्या रक्तात वायूचे बुडबुडे होतात, त्यावर दाबाची पेटी हाच इलाज. मुंबईत आय.एन.एच.एस. अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयाच्या आवारातील नौदल वैद्यकसंस्थेत या शाखेचे काम चालते, ते त्यामुळेच. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, वायूजन्य कोथ, क्ष-किरणोपचाराने जळालेल्या पेशी, मधुमेही रुग्णाच्या पायाची न भरणारी जखम, चिरडून रक्तपुरवठा तुटलेला अवयव, या सर्वांत त्याचे स्थान मान्य झालेले आहे. एखाद्या खेळाडूचा पाय अपघातात चिरडला गेला, तर त्यालाही या पेटीचा उपयोग होऊ शकेल. पण तो खेळाडू म्हणून नव्हे, त्या विशिष्ट दुखापतीचा रुग्ण म्हणून.

प्रश्न आहे तो यापुढचा. या मान्य उपयोगांच्या पुण्याईवर ताणलेल्या स्नायूचा, दुखऱ्या पोटरीचा आणि साध्या थकव्याचा उपचार विकला जात आहे. विक्रेत्याचा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो: जखमेला प्राणवायू लागतो, पेटीत प्राणवायू अधिक मिळतो, म्हणून जखम लवकर भरते. तथापि ज्या जखमा या उपचाराने भरतात, त्यांत मूळ रक्तपुरवठाच खुंटलेला असतो. तरुण, धडधाकट धावपटूच्या मांडीत रक्ताचा दुष्काळ नसतो. शिवाय स्नायू फाटल्यानंतर येणारी सूज ही निव्वळ आपत्ती नसते. मेलेल्या तंतूंचा निचरा करणाऱ्या आणि नव्यांची उभारणी सुरू करणाऱ्या पेशी तिच्याबरोबरच येतात. उंदरांवरील काही प्रयोगांत दाबाखालील प्राणवायूने ही उभारणी त्वरेने झालेली दिसली आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु उंदीर आणि मनुष्य यांच्यामधले अंतर केवळ तर्काने ओलांडता येत नाही. त्यासाठी माणसांवरील काटेकोर चाचण्याच लागतात.

अशा चाचण्या झालेल्या आहेत, आणि त्यांचा निष्कर्ष उत्साहवर्धक नाही. कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संशोधक-समूहाने २००५ मध्ये उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. नऊ लहान चाचण्या, त्यांत मिळून २१९ माणसे. घोटा मुरगळणे व गुडघ्याचा अस्थिबंध दुखावणे यांवर या उपचाराचा लाभ सिद्ध झाला नाही. अतिश्रमाने येणाऱ्या स्नायूंच्या ठणक्याच्या बाबतीत तर, उपचार लगेच सुरू केलेल्यांना अठ्ठेचाळीस आणि बहात्तर तासांनी वेदना कमी होण्याऐवजी अधिकच जाणवल्याचे आढळले. दुसऱ्या बाजूला, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील एका अभ्यासात मध्यमवयीन हौशी खेळाडूंना चाळीस बैठकी दिल्यानंतर त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढल्याचे दिसले. हा अभ्यास टाकाऊ नाही. पण तो मोजक्या निरोगी माणसांवरचा, आणि दमश्वासासंबंधीचा आहे. फाटलेल्या स्नायूबद्दल तो काही सांगत नाही. जाहिरातीत मात्र दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात.

महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासात दुखापतीने घातलेले घाले कमी नाहीत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आलेले खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवून परतले. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. पुढे गुडघ्याच्या दुखापतीने या मल्लाची मेलबर्नची वाट अडविली. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे हा अडथळ्यांच्या शर्यतीतील आशियाई सुवर्णपदक-विजेता जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथे धावताना पडला. गुडघ्यातील अस्थिबंध आणि कूर्चा फाटून त्याला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. अशा दुखापतीत प्राणवायूची पेटी तुटलेला अस्थिबंध जोडू शकत नाही. तिथे शल्यचिकित्सकाचे कौशल्य लागते, आणि त्यानंतर कित्येक महिने नेमाने करून घ्यावयाचा व्यायाम लागतो. तो करून घेणारा माणूस साबळेच्या पाठीशी सेना आणि क्रीडासंघटना यांमुळे असतो. मूर्तिजापूर तालुक्यातील धावपटूच्या पाठीशी कोण असते?

भांडवल पुराव्याच्या पुढे धावले म्हणजे काय होते, याचा एक बोलका दाखला इतिहासात आहे. कॅन्सस सिटीचे डॉक्टर कनिंगहॅम यांचा असा समज होता, की मधुमेहापासून कर्करोगापर्यंत अनेक व्याधी दाबाखालील हवेने बऱ्या होतात. बेअरिंगचे कारखानदार टिमकेन यांनी त्यांना पैसा पुरविला आणि १९२८ मध्ये क्लीव्हलंड येथे सुमारे दहा लाख डॉलर खर्चून पोलादाचा एक प्रचंड गोल उभा राहिला: चौसष्ट फूट व्यासाचा, पाच मजली, आत रुग्णांच्या खोल्या असलेला. अमेरिकन वैद्यक संघटनेने पुरावा मागितला. तो कधीच पुढे आला नाही. काही वर्षांतच तो गोल बंद पडला आणि दुसऱ्या महायुद्धात भंगार म्हणून मोडीत निघाला. गोल खरा होता, दाब खरा होता, देणगीदाराची श्रद्धाही खरी होती. खोटा होता तो फक्त दावा.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता या बाजारात तीन दोष एकत्र आलेले दिसतात. पहिला दोष माहितीच्या विषमतेचा. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते, की वैद्यकीय सेवेच्या बाजारात विकणाऱ्याला जे ठाऊक असते, ते घेणाऱ्याला नसते. म्हणून भाजीबाजाराचे नियम तिथे लागू पडत नाहीत. दुसरा दोष कारण आणि योगायोग यांच्या गल्लतीचा. स्नायूंच्या बहुतेक किरकोळ दुखापती दोन-तीन आठवड्यांत विश्रांतीने व व्यायामाने आपोआपच बऱ्या होतात. त्या काळात जो उपचार चालू असेल, त्याच्या पदरात यशाचे माप पडते. कानात दडे बसणे, पेटीचे दार बंद होणे, दोन तास निवांत पडणे, या साऱ्यांचा मनावर परिणाम होतो तो वेगळाच. तिसरा दोष स्थिर भांडवलाचा. लाखो रुपयांचे यंत्र एकदा घेतले, की ते रिकामे ठेवणे परवडत नाही. वायूजन्य कोथाचे रुग्ण वर्षाकाठी किती मिळणार? मग धडधाकट माणसांत रुग्ण शोधावे लागतात, आणि खेळाडू हा त्यांतला सर्वांत तत्पर गिऱ्हाईक. यंत्र गरजेसाठी आणले जाते. पुढे गरज यंत्रासाठी निर्माण केली जाते.

त्यात हा उपचार अगदीच निरुपद्रवी आहे, असेही नाही. कानाच्या पडद्याला इजा, काही काळ दृष्टीत फरक, क्वचित प्राणवायूच्या अतिरेकाने येणारे झटके हे त्याचे ज्ञात धोके आहेत. फुप्फुसाबाहेर हवा साठलेल्या रुग्णाच्या तर तो जिवावर बेतू शकतो. सर्वांत मोठे भय आगीचे. शुद्ध प्राणवायूत ठिणगीला वणवा व्हायला क्षणही लागत नाही. १९९७ मध्ये इटलीत मिलान येथील रुग्णालयात अशा पेटीला आग लागून अकरा जण दगावले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात एका खासगी केंद्रात पाच वर्षांचे बालक पेटीतच भाजून मरण पावले. प्राणवायूची हाताळणी किती जोखमीची असते, हे महाराष्ट्राने एप्रिल २०२१ मध्ये नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीच्या गळतीने वीसहून अधिक रुग्ण गमावून अनुभवले आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्येच या उपचाराच्या अवास्तव दाव्यांविषयी जनतेला सावध केले. हवा भरून फुगविल्या जाणाऱ्या कापडी पेट्या तर वातावरणाच्या जेमतेम सव्वापट-तीस टक्के अधिक दाबापर्यंतच पोचतात; रुग्णालयातील पेटीचे गुण त्यांना चिकटविणे ही शुद्ध दिशाभूल होय.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की लाभ सिद्ध झाला नाही म्हणजे लाभ नाहीच, असे सिद्ध होत नाही. हे तर्कदृष्ट्या रास्त आहे. परंतु सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे घेणाऱ्याची असते, देणाऱ्याची नसते. दुसरा आक्षेप अधिक भावनेचा आहे: परदेशचे खेळाडू पेटीत बसणार, जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची त्याला मनाई नाही, मग आमच्याच पोरांनी मागे का राहावे? याचे उत्तर सीमांत उपयोगितेच्या सिद्धांतात आहे. ज्याच्याकडे मैदान, मार्गदर्शक, आहार, डॉक्टर आणि व्यायामोपचारतज्ज्ञ हे सर्व आहे, तो शेवटच्या रुपयात पेटी घेतो. ज्याच्याकडे यांतले पहिलेही नाही, त्याने पहिल्या रुपयात पेटी घेणे म्हणजे घराला छप्पर नसताना रंगाचा डबा आणणे होय.

आणि छप्पर घालण्याचा खर्च फार नाही, ही यातली सुखद बाब. मांडीच्या मागील स्नायूसाठी नॉर्डिक नावाचा एक व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभे राहावे, जोडीदाराने मागून घोटे दाबून धरावेत आणि अंग सावकाश पुढे झुकवीत न्यावे. एवढेच त्याचे स्वरूप. अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात या व्यायामाने त्या स्नायूच्या दुखापती जवळजवळ निम्म्याने घटल्याचे आढळले आहे. त्याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. लागतो तो एक मित्र आणि एक सतरंजी. धावण्याचे अंतर आठवड्यागणिक बेताने वाढविणे, डांबरी रस्त्याऐवजी मातीवर धावणे, पुरेशी झोप, पोटभर डाळ-भाकरी आणि दुखत असताना इंजेक्शन घेऊन न धावणे, हे नियमही फुकटच आहेत. दुर्दैव असे, की जे फुकट आहे त्याची जाहिरात कोणी करीत नाही.

वऱ्हाडाला ही परंपरा नवी नाही. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी गेले आणि तेथे त्याने देशी व्यायामप्रकारांचे दर्शन जगाला घडविले. मल्लखांब आणि मातीचा आखाडा यांच्या बळावर ते झाले. ज्या मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला आजोळी गाडगेबाबांचे बालपण गेले, त्या तालुक्याला तर हे वेगळे सांगायला नको. बाबांच्या हातात खराटा होता. लोकांनी दिलेला पैसा कशावर खर्चावा आणि कशावर नाही, याचा विवेक त्या निरक्षर महापुरुषापाशी होता. म्हणून तो धर्मशाळांच्या आणि अन्नदानाच्या रूपाने कामी आला.

तोच विवेक आज धोरणात हवा आहे. तालुका, जिल्हा आणि विभाग अशा तिन्ही पातळ्यांवर क्रीडा संकुले बांधण्याचे राज्याचे धोरण आहे. पण भिंतींना पगार लागत नाही, माणसांना लागतो, म्हणून भिंती उभ्या राहतात आणि माणसे नेमली जात नाहीत. अकोल्याच्या जिल्हा संकुलात पूर्ण वेळ व्यायामोपचारतज्ज्ञ असावा आणि त्याने ठरल्या दिवशी मूर्तिजापूर, बाळापूर, तेल्हारा येथे येऊन मुले तपासावीत, ही मागणी अवाजवी नाही. भरतीची तयारी करून घेणाऱ्या खासगी प्रबोधिनींनी दुखापत टाळण्याचे व्यायाम रोजच्या सरावात घेणे, ही नोंदणीची अट असावी. शासनाला दाबाच्या प्राणवायूची सोय विदर्भात करावयाचीच असेल, तर ती अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी, मधुमेही पायाच्या आणि विषबाधेच्या रुग्णांसाठी, अग्निसुरक्षेच्या पुऱ्या बंदोबस्तासह करावी. खेळाडूंवर तिचा प्रयोग व्हायचा तर तो रीतसर चाचणी म्हणून, विनामूल्य आणि लेखी संमतीने व्हावा. खासगी केंद्रांनी आपला उपचार कोणत्या विकारांत मान्य आहे आणि कोणत्यांत नाही, याचा फलक मराठीत दर्शनी लावावा. आणि "स्नायूंची दुखापत" हा शब्द दुसऱ्या यादीत असावा.

घर गहाण टाकणारे प्राचार्य आजही निघतील, आणि कर्ज काढणारे बापही निघतील. त्यांच्या त्यागाला मोल यायचे असेल, तर त्यांनी काढलेला पैसा खेळाडूच्या ताटात, पायातल्या बुटात आणि त्याला शिकविणाऱ्या माणसाच्या पगारात गेला पाहिजे. एवढी दक्षता ठेवली नाही, तर पेटीत प्राणवायू भरपूर असेल. गुदमरेल तो बाहेर उभा असलेला खेळाडू.